धूर जातो त्याच वाटेने औषध



आपल्या आरोग्य पानाचा या वेळचा पाठ जरा वेगळा आहे. झिंग्याच्या कवचापासून कायटोसन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याचे अतिशय बारीक कण करायचे, त्यात औषध भरायचे आणि ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसात पोचवायचे, यावर जगभर आणि आपल्या देशातही बरीच वर्षे संशोधन चालू आहे. अशा संशोधनाची बातमी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाता जाता "क्षयावर नॅनो औषध आले, आता गोळ्या बंद करा" अशी होऊन बसते. अशा बातमीवर विसंबून कोणी चालू औषध सोडले तर जिवावर बेतेल. म्हणून हे संशोधन काय आहे, ते कुठवर आले आहे आणि तोवर आपल्या हातात काय आहे, हे तिन्ही आज नीट समजून घेऊ.

तिघांची एकच वाट

फुप्फुसे म्हणजे नुसते दोन फुगे नव्हेत. श्वासनळी छातीत उतरली की तिला झाडासारख्या फांद्या फुटत जातात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे साधारण तेवीस वेळा होते. शेवटच्या फांद्यांना द्राक्षाच्या घडासारखे हवेचे इवले फुगे लागलेले असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसाच्या छातीत सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर ७० ते १०० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे घरकुल योजनेतल्या तीन-चार घरांइतकी. वायुकोशाची भिंत तर इतकी पातळ असते की पलीकडचे रक्त एक मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरावर वाहत असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

या वाटेने आत कोण कोण जाते? पहिला धूर. पऱ्हाटी, तुराटी, गोवऱ्या चुलीत जळतात तेव्हा अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान कण हवेत सुटतात आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वायुकोशापर्यंत पोचतात. डासांच्या कॉइलचेही तेच. एक कॉइल पूर्ण जळली तर ७५ ते १३७ सिगारेटींइतके असे सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे मोजमाप प्रसिद्ध झालेले आहे. दार-खिडकी लावून, पोरांच्या उशाशी कॉइल ठेवताना हा आकडा आठवावा.

दुसरा क्षयाचा जंतू. रुग्ण खोकला की थेंब उडतात, त्यांतले पाणी वाळते आणि १ ते ५ मायक्रॉनचे हलके कण हवेत तरंगत राहतात. तेच दुसऱ्याच्या छातीत उतरतात.

तिसरे औषध. शास्त्रज्ञांनी धूर आणि जंतू यांच्याकडूनच धडा घेतला. ज्या मापाचा कण रोग आत नेतो, त्याच मापाचा कण केला तर तो औषधही आत नेईल. आजच्या पाठाचा गाभा एवढाच आहे.

उफणणीचा हिशेब

खळ्यावर उफणणी करताना सुपातून माल वाऱ्यावर सोडला की दाणे पायाशी पडतात, भुसा जरा लांब जाऊन पडतो आणि सगळ्यांत बारीक धूळ खाली न पडता वाऱ्याबरोबर निघून जाते. छातीतही तसेच घडते.

पाच-दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण जड असतात. वळणावर ते वळू शकत नाहीत, घशावर आपटतात आणि गिळले जातात. १ ते ५ मायक्रॉनचे कण लहान नळ्यांपर्यंत आणि वायुकोशांपर्यंत जाऊन बसतात. त्याहून बारीक कणांपैकी बरेच कुठेही न बसता पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. म्हणजे औषध जितके बारीक तितके चांगले, असे नाही. "नॅनो" शब्द ऐकून भुलण्याआधी हे लक्षात ठेवावे. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. कायटोसनचे कण साधारणपणे शंभर ते काही शे नॅनोमीटरचे असतात. ते नुसते श्वासात सोडले तर बरेचसे परत बाहेर येतील. त्यावर काय उपाय काढला ते पुढे सांगते.

गोळी आणि पंप

एवढा खटाटोप कशासाठी, सरळ गोळी का नको? दम्याच्या औषधाचेच उदाहरण घेऊ. साल्बुटामॉलची एक गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका झटक्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. नेहमीचे दोन झटके घेतले तरी २०० मायक्रोग्रॅम होतात. ४ मिलिग्रॅमच्या गोळीत याच्या वीसपट औषध आहे. गोळी आधी पोटात जाते, मग यकृतात, मग रक्तात मिसळून सगळ्या अंगभर फिरते आणि त्यातला थोडा वाटा छातीला मिळतो. म्हणून गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे थोडेसे औषध थेट आजाराच्या जागी पडते आणि काही मिनिटांत नळ्या मोकळ्या होतात.

आपल्या वस्त्यांत मात्र समज उलटा आहे. "पंप म्हणजे शेवटचा उपाय", "पंपाची सवय लागते", असे म्हणतात. लग्नाच्या मुलीचा पंप पाहुण्यांपासून लपवतात आणि त्या दिवशी तिने दम काढत चहा द्यायचा असतो. सवय पंपाची लागत नाही. आजार दीर्घकाळाचा आहे म्हणून औषधही दीर्घकाळ लागते, जसा चष्मा लागतो.

या पंपाची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले की केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरता येत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, दाबून फवारा सोडणारा पहिला पंप बाजारात आला. आपल्याकडे मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७० च्या दशकात असे पंप बनवायला सुरुवात केली.

झिंग्याचे कवच कशासाठी?

आठवडे बाजारात सुकट घेतो तेव्हा हाताला लागते ते पातळ, कडक कवच कायटिन नावाच्या पदार्थाचे असते. झिंगे, खेकडे, किडे यांच्या कवचात आणि अळिंबीतही कायटिन असते. १८११ साली हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते प्रथम अळिंबीतच ओळखले. कायटिन जोरदार क्षारात शिजवले की त्याचे कायटोसन होते. मासळी कारखान्यांतून टाकून दिल्या जाणाऱ्या कवचापासून ते बनवता येते, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही.

कायटोसनचे चार गुण औषधासाठी उपयोगी आहेत.

पहिला गुण चिकटण्याचा. कायटोसनवर धन विद्युतभार असतो आणि शरीरातल्या श्लेष्म्यावर, पेशींवर ऋण भार असतो. म्हणून ते तिथे चिकटून राहते आणि औषधाला शरीरात शिरायला वेळ मिळतो. याच गुणामुळे कायटोसनच्या पट्ट्या जखमेचे रक्त थांबवतात. अशा पट्ट्या भारतातही तयार होतात.

दुसरा गुण दार किलकिले करण्याचा. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. कायटोसन त्यांच्यामधल्या फटी थोडा वेळ सैल करते आणि इन्सुलिनसारखे मोठे रेणू आत जाऊ शकतात.

तिसरा गुण विरघळून जाण्याचा. आपल्या अश्रूंत आणि श्लेष्म्यात लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते कायटोसनचे हळूहळू तुकडे करते.

चौथा गुण सौम्यपणाचा. दुधात लिंबू पिळले की कण धरतात ना, तसेच कायटोसनच्या आंबट द्रावणात फॉस्फेटचा एक क्षार थेंब थेंब टाकला की दोघांचे उलटे भार एकमेकांना ओढतात आणि बारीक कण तयार होतात. उष्णता लागत नाही, जहाल रसायने लागत नाहीत. त्यामुळे नाजूक औषध खराब न होता कणात अडकते.

आता उफणणीतल्या अडचणीवरचा उपाय. हे नॅनोकण साखरेसारख्या विरघळणाऱ्या पदार्थात मिसळायचे आणि दूध पावडर बनवतात तसे गरम हवेत फवारून वाळवायचे. तयार होणारा दाणा काही मायक्रॉनचा असतो, म्हणजे छातीत नेमका बसणारा. तिथल्या ओलाव्यात साखर विरघळते आणि नॅनोकण मोकळे होतात. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅनिटॉल नावाची साखर वापरून २००५ च्या सुमारास असे दाणे बनवून दाखवले.

संशोधन कुठवर आले?

क्षयाच्या बाबतीत या कल्पनेत मोठी आशा आहे. आपल्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी असतात. बाहेरून आलेला कण गिळून टाकणे हे त्यांचे काम. क्षयाचा जंतू लबाड आहे, तो याच पहारेकऱ्याच्या पोटात जाऊन लपतो. औषधाचा कणही तोच पहारेकरी गिळतो, म्हणजे औषध थेट चोराच्या लपण्याच्या जागी पोचते.

चंदीगडच्या पीजीआय संस्थेत २००३ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे कायटोसन नव्हे, तर शरीरात विरघळणारा दुसरा एक पदार्थ वापरून क्षयाच्या औषधांचे नॅनोकण केले आणि वाफाऱ्याच्या यंत्राने क्षय झालेल्या गिनीपिगना दिले. दर दहा दिवसांनी एक, असे पाच डोस दिल्यावर त्यांच्या फुप्फुसात जंतू सापडले नाहीत. तोंडावाटे तोच परिणाम मिळायला रोज एक याप्रमाणे ४६ डोस लागले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही श्वासातून घ्यायच्या क्षयाच्या पावडरीवर काम झाले आहे. आपल्या खान्देशात शिरपूरच्या आर. सी. पटेल फार्मसी महाविद्यालयातल्या संशोधकांनी कायटोसनचे एक सुधारित रूप घेऊन नाकावाटे औषध देण्याच्या अंगाने अभ्यास केला आहे. हे विज्ञान परक्या देशातच घडते असे नाही, आपल्या मुला-मुलींना ते बसच्या अंतरावर शिकता येते.

माणसांसाठी मंजूर झालेली उदाहरणेही आहेत. अमेरिकेत २०१८ साली अमिकासिन हे औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून श्वासातून देण्यास मंजुरी मिळाली. ते क्षयाच्या भाऊबंद जंतूंमुळे होणाऱ्या, बऱ्या न होणाऱ्या एका फुप्फुसरोगासाठी आहे. इन्सुलिनची श्वासातून घ्यायची पावडरही निघाली. पहिली २००६ मध्ये आली आणि खप न झाल्याने २००७ मध्ये कंपनीनेच मागे घेतली. यंत्र अवजड होते आणि किंमत जास्त होती. दुसरी २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तिला डिसेंबर २०२४ मध्ये भारतातही परवानगी मिळाली. पण दमा असलेल्यांना आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ती चालत नाही. या दोन्ही औषधांत कायटोसन नाही.

मग कायटोसनचे औषध कधी?

श्वासातून घ्यायचे कायटोसनचे औषध आज दवाखान्यात किंवा मेडिकलवर मिळत नाही. कोणी क्षय, दमा किंवा साखरेवर "नॅनो कायटोसन" म्हणून पुडी, स्प्रे, कॅप्सूल विकायला वस्तीत आला तर त्याला आल्या पावली परत पाठवा.

उशीर लागण्याची कारणे खरी आहेत. गिनीपिगला जे लागू पडते ते माणसाला पडेलच असे नाही. उंदरांच्या प्रयोगांत कायटोसनचे प्रमाण वाढवले तशी फुप्फुसात सूजही वाढलेली दिसली. वायुकोशाची भिंत एवढी नाजूक, तिथे महिनोन्‌महिने कण टाकायचे तर खात्री करूनच टाकले पाहिजेत. शिवाय कायटोसन आंबट द्रावणात विरघळते, फुप्फुसातला ओलावा तसा आंबट नसतो, म्हणून त्याची सुधारित रूपे शोधावी लागतात. ज्यांना झिंगे-खेकड्यांची ॲलर्जी आहे त्यांचा वेगळा विचार करावा लागतो. ही तपासणी गरिबावर आधी औषध टाकून बघण्याने होत नाही. ती माणसाची लेखी संमती घेऊन, नियमाने, टप्प्याटप्प्यानेच व्हायला हवी. आपल्यापैकी कोणाला अशा चाचणीसाठी विचारले तर मराठीतला कागद मागा, वाचून घ्या आणि नको असेल तर नाही म्हणा. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही.

तोपर्यंत क्षयाच्या रुग्णाने सरकारी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा. साध्या क्षयाला साधारण सहा महिने लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि माणूस गोळ्या सोडतो. तिथेच जंतू औषधाला दाद न देणारा होतो. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ते खात्यात जमा होतात की नाही ते आशाताईंकडून तपासून घ्या.

आज हातात असलेले औषध नीट घेऊ

दम्याच्या आणि धुराने झालेल्या दीर्घ श्वासरोगाच्या माणसाकडे फुप्फुसातून जाणारे औषध आजच आहे. भारतात दम्याचे तीन कोटींहून अधिक रुग्ण आहेत. पण पंप घरात असणे आणि औषध छातीत जाणे या दोन गोष्टी वेगळ्या. नीट घेतले तरी दाबाच्या पंपातले साधारण १० ते २० टक्केच औषध फुप्फुसात पोचते. चुकीचे घेतले तर जवळजवळ सगळे घशात आपटते, आणि "पंपाने गुण आला नाही" असे आपण म्हणतो.

दाबाचा पंप असा घ्यावा:

१. झाकण काढून पंप चांगला हलवा.
२. ताठ बसा किंवा उभे राहा. छातीतली हवा सावकाश बाहेर सोडा.
३. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा.
४. सावकाश श्वास घ्यायला लागा आणि लगेच पंप दाबा. श्वास खोलवर घेत राहा.
५. मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखा. कण खाली बसायला हा वेळ लागतो.
६. दुसरा झटका हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून घ्या.
७. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

कॅप्सूलच्या पावडरीचे यंत्र असेल तर उलटे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर आपल्याच श्वासाने उडते. यंत्रात फुंकर मारू नये, पावडर ओली होते. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. ती गिळणारे रुग्ण मी वॉर्डात असताना कितीतरी पाहिले. औषध दिले जाते, पण कसे घ्यायचे ते करून दाखवायला कोणी दोन मिनिटे थांबत नाही.

लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना दाबणे आणि श्वास घेणे एकाच वेळी जमत नाही. त्यांनी पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी लावावी. मोठे कण तिच्यातच अडतात आणि बारीक कण आत जातात. एक झटका सोडायचा आणि पाच-सहा साधे श्वास घ्यायचे. स्पेसर परवडत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास कामाचा आहे. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे भोक पाडून केलेला स्पेसर दमेकरी मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच लागू पडला. भोकाभोवती फट राहू देऊ नका. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता तशीच वाळवा. बनवल्यावर एकदा नर्सताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून घ्या.

दोन तऱ्हेचे पंप असतात हेही ओळखून ठेवा. एक धाप लागली की लगेच आराम देणारा. दुसरा स्टेरॉइडचा, नळ्यांची सूज उतरवणारा, तो बरे वाटत असतानाही रोज घ्यायचा. नुसता आरामाचा पंप ओढत राहिले तर आत सूज वाढत जाते आणि एखाद्या रात्री मोठा झटका येतो. माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर वाट बघू नका. डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे आरामाचा पंप देत १०८ ला फोन करा.

वस्तीने काय मागायचे?

साल्बुटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही श्वासातून घ्यायची औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात गेल्यावर "पंप आहे का, स्पेसर आहे का" असे विचारा. नसेल तर नुसत्या गोळ्या घेऊन परतू नका, रुग्ण कल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा दहा घरांच्या सह्यांनी द्या. विकत घ्यायची वेळ आलीच तर जन औषधी केंद्रात जेनेरिक पंप स्वस्त पडतात.

घरात वाट अडवणारा धूर कमी करा. चूल असेल तर ती उघड्यावर किंवा धुराड्याखाली पेटवा, लहान मूल कडेवर घेऊन फुंकणीला बसू नका. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये कामाला जाणाऱ्यांनी मालकाकडे मास्क मागावा. नुसता रुमाल बारीक कण अडवत नाही.

उद्या कायटोसनचे औषध आले, तर तेही याच वाटेने, याच मापाच्या कणांतून आणि अशाच एखाद्या पंपातून येईल. ज्या वस्तीला आज पंप नीट घेता येतो आणि हक्काने मागता येतो, त्याच वस्तीपर्यंत ते औषध पोचेल. पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा घरातले पंप सोबत आणा. वंदना झाली की एकेकाने पंप घेऊन दाखवायचा आणि बाकीच्यांनी वरचे सात टप्पे मोजायचे. एवढे केले तरी कित्येक छातींत पहिल्यांदाच औषध खरोखर उतरेल.